सात घरं सोडून

करडीच्या बोंडाला काटे, म्हणून
सोजरबाई दंवातच येते.
दोन्ही हातांना जुन्या शर्टाच्या बाह्या गुंडाळून
ती बोंडं खुडते, मी डबीवर लिहिते:
फुलल्यापासून दिवस आठ.
दिवस बारा. सोळा. वीस.
"एवढं कवळं कुणी खुडतं का बाई,
दाणा दुधात तरी येऊ द्या."

नायट्रोजन येतो जनावरांच्या दवाखान्यातून,
शेटकार डॉक्टरांच्या मेहेरबानीनं.
वळूंचं बीज ज्या कॅनमध्ये झोपतं
त्याच कॅनमधला, उरलासुरला.
खलात ओतला की धूर टेबलावरून खाली सांडतो,
कोवळं बी काचेसारखं फुटतं
आणि मी शोधत बसते
बारा आणि सोळाच्या मधली ती घटका,
जेव्हा आत कुणीतरी म्हणतं: आता तेल.

त्या कुणाचं काम तसं फार नाही.
तो तेल करत नाही, वाहून नेत नाही,
साखरेला हातसुद्धा लावत नाही.
डीएनएच्या लांबलचक ओळीवर
खुणेची जागा शोधतो आणि बसतो.
खूण अशी: सी, मग कुणीही, टी, मग कुणीही, जी;
सात अक्षरं सोडून पुन्हा सी, जी.
तो बसला की जनुकाचं दार उघडतं,
एका जनुकाचं नाही, अख्ख्या गल्लीचं.
साखर तुटते, कडीला कडी लागते,
बी आतून भरत, तुकतुकीत होत जातं.

मला हे समजायला जड गेलं नाही.
अण्णा लातूरच्या नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते.
खांद्यावर लोखंडी चावी, जवळजवळ त्यांच्याच उंचीची,
आणि पत्ते सगळे डोक्यात:
पिठाची गिरणी, मग कुणाचंही घर,
हापसा, मग कुणाचंही घर, दर्गा;
सात घरं सोडून फुटकं झाकण.
तिथं उकिडवे बसायचे. अडीच फेरे.
गल्लीच्या टोकाला कुणीतरी ओरडायचं, आलं!
घागरी, ड्रम, बादल्या, भांडणं.
अण्णांच्या सदऱ्यावर एक थेंब नसायचा.
आमच्या नळाला पाणी नवव्या दिवशीच,
सगळ्यांसारखं.

कागदोपत्री त्या बसणाऱ्याचं नाव आहे सुरकुतलेला.
तो धड असतो तेव्हा बी गुळगुळीत असतं,
पण शोधणाऱ्यांना तो आधी मोडलेलाच सापडला
आणि मोडल्यावर जे झालं तेच नाव पडलं.
माझ्या आजोळी, औशाच्या पुढं, एक विहीर आहे.
बहात्तर साली आटली. पुढं भरली,
पोरं वरून सूर मारतात,
तिचं नाव अजून कोरडी.

परवा तेरा नंबरच्या वाफ्यात
सोजरबाईला एक झाड वेगळं लागलं.
फुलं तशीच, पिवळी, मग शेंदरी. काटेही तसेच.
दाणे मात्र आक्रसलेले,
कागदावर चिरडले तर डाग उमटेना.
चार दाणे रुमालात बांधून मी घरी आणले.

अण्णांना आता एकाच डोळ्यानं दिसतं.
त्यांनी दाणा बोटांत फिरवला, फिरवतच राहिले.
मी सांगितलं:
पानांकडून साखर रोज येते,
पण उघडणारा आला नाही, दारं बंद,
म्हणून तेल नाही.
टीव्हीवर सोयाबीनचे भाव सरकत होते.
भाव संपले, जाहिरात लागली, तेव्हा म्हणाले,
"मग राहतं कुठं?"
काय?
"सोडलं नाही तर टाकी भरतच असती की.
कुठंतरी वरून वाहतंय. ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं.
तीन हंगाम मी फक्त तेल मोजलं होतं.

सकाळी पहिली बस धरून गेले.
सोजरबाई तेरा नंबरपाशीच उभी होती,
एक बाही सुटलेली,
त्या झाडाचा दाणा दाताखाली.
"गोड लागतंय की हो," म्हणाली,
आणि टरफल थुंकून
पुढच्या ओळीला लागली.